मामाच्या हातचा घास

दादा,

परवा तुझं तेरावं झालं. मागून आणलेल्या सतरंज्या ज्याच्या त्याला परत गेल्या, पाहुणे पांगले, आणि काल दुपारच्या एसटीने आम्ही डहाणूहून तलासरीला परत आलो. यांनी वर्तमानपत्रात द्यायला चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यात 'मनमिळाऊ स्वभावाचे' असं होतं. मी म्हटलं, एवढं काढा. मनमिळाऊ कसला? पत्ते खेळताना भांडायचास, रेडिओवर क्रिकेट ऐकताना भांडायचास, आमटीत गूळ किती घालायचा यावरून आईशी भांडायचास. माझ्याशी तर तुझं एक भांडण कित्येक वर्षं चालू होतं आणि तू ते अर्ध्यावर टाकून निघून गेलास. जन्म कधीचा, रेल्वेत नोकरी किती झाली, मागे कोण कोण आहे, ते सगळं यांच्या चार ओळींत येईल. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला ते भांडणच पुढे चालवायचंय, आणि या खेपेला तुला मध्ये बोलता येणार नाही.

सकाळी चहा घेतलास, वहिनीला म्हणालास छातीत कसंतरी होतंय, आणि डॉक्टर यायच्या आत संपलं. हृदय. ज्या पोटाचा एवढा गाजावाजा केलास, ज्याच्यापायी आम्हा सगळ्यांना वेठीला धरलंस, ते शेवटपर्यंत ठणठणीत होतं. याचा मला अजून राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून तुझ्यावर काढते.

मला दिवस गेले तेव्हा सगळ्यात आधी तुला सांगितलं होतं, आठवतं? तुम्हा दोघांना मूल नव्हतं. तू तो विषय कधी निघू दिला नाहीस आणि वहिनीनेही नाही. पण माझी बातमी ऐकल्यावर तू तुझ्या सिग्नलच्या केबिनच्या जिन्यावर उभ्या उभ्या म्हणालास, "कुंदे, बारसं तुम्ही करा, वाढदिवस तुम्ही करा, उष्टावण माझं. विवळवेढ्याला देवीसमोर. पहिला घास मामाचा." मी म्हटलं, अजून बाळाचा पत्ता नाही आणि हा जेवण घालायला निघाला. तू हसलास. तुझ्या हातचा पहिला घास माझ्या लेकराच्या तोंडात जावा, ही माझीही मनापासूनची हौस होती. आपले बाबा लवकर गेले तेव्हा शाळेतून आल्यावर मला भात कालवून तूच भरवायचास, हे तू विसरला असशील, मी नाही.

मग भाद्रपदात तुला तो ताप आला. डहाणूच्या डॉक्टरांनी टायफॉइड ओळखला आणि नेहमीच्या कॅप्सूल सुरू केल्या. आई निर्धास्त होती. तिच्या लेखी हा मुदतीचा ताप, मुदत भरली की आपला आपण निघणार. आजोबांना आला होता, शेजारच्या काकूंना आला होता, सगळे मुदतीत उठून बसले होते. तुझी मुदत भरली, वर आणखी दिवस गेले, आणि ताप हलेना. कॅप्सूल बदलल्या, इंजेक्शनं झाली, सलाइन झालं. शेवटी तुला वलसाडला हलवलं.

मी पोट सांभाळत, यांचं न ऐकता, तुला बघायला आले. वॉर्डात शिरले आणि एका खाटेपाशी जाऊन रडायलाच लागले. खाटेवरचा माणूस घाबरून उठून बसला. "मी नाय, बाय. तुझा भाव तो, खिडकीकडचा." असा मला पहिल्यांदा रावजी भेटला. उधव्याचा, डोंगराकडच्या भातशेतीवाल्या घरातला. त्यालाही तोच ताप, त्याच्यावरही त्याच कॅप्सूल फुकट गेलेल्या. तुम्ही दोघं इतके वाळला होतात की मी तरी काय करणार! तू मात्र एवढ्या तापात हे पाहिलंस आणि पुढे वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत राहिलास, की माझी बहीण मला सोडून दुसऱ्याच माणसासाठी रडली.

डॉक्टर गुजराती होते, मराठी चांगलं बोलायचे. म्हणाले, "बेन, जंतू तोच आहे, पण आता निगरगट्ट झालाय. जुनी औषधं पचवून बसलाय." मग मुंबईहून नव्या गोळ्या मागवल्या. त्या लागू पडल्या. ताप उतरायला लागला तशी तुझी आणि रावजीची पैज लागली, आधी घरी कोण जातो. रावजीची बायको घरून नागलीची पेज आणायची. वहिनी डहाणूला गेलेली असली की रावजी तुला उठवून बसवायचा आणि चमच्याने ती पेज पाजायचा. तुला नागली कधी आवडायची नाही. आईने केली तर तू तोंड फिरवायचास. रावजीसमोर मुकाट प्यायचास.

पैज रावजीने जिंकली. जाताना त्याचीही तपासणी झाली आणि तुझीही. त्याच्या पोटात काही उरलं नव्हतं. तुझ्यात उरलं होतं. डॉक्टर त्यांच्या गुजरातीत आईला म्हणाले, "माजी, ताव तो गयो, पण जंतु नथी गया." ताप गेला होता, जंतू गेले नव्हते; पित्ताशयात त्यांनी बस्तान मांडलं होतं. तुला त्यांचा काही त्रास नव्हता, पण तुझ्या पोटातून ते बाहेर पडत राहणार आणि हात नीट धुतले नाहीत तर दुसऱ्याच्या ताटात जाणार. म्हणून दुसऱ्यासाठी स्वयंपाक करायचा नाही, फळ चिरून द्यायचं नाही, कुणाला भरवायचं नाही. दर महिन्याला तपासणी करत राहायची. औषधाला दाद न देणारे जंतू आहेत, लागोपाठ रिपोर्ट चांगले येईपर्यंत सांभाळा, असं त्यांनी बजावलं.

दुसरा कुणी असता तर घरी येऊन विसरला असता. अंगात ताप नाही, भूक लागतेय, माणूस कामावर जातोय, तर आजार कुठे आहे? आईचं तेच म्हणणं होतं. पण तू पडलास केबिनमधला माणूस. पुढच्या स्टेशनाने गाडी घ्यायला होकार दिल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, हे तुझ्या हाडीमाशी मुरलेलं. तू स्वतःचं ताट वेगळं केलंस, तांब्या वेगळा केलास, टॉवेल वेगळा केलास. मोरीत साबण संपला तर घर डोक्यावर घ्यायचास. वहिनी मला पत्रावर पत्रं पाठवायची, की हे घरात राहतात की धर्मशाळेत तेच कळेना.

आणि एवढ्यावर थांबलास तर तू कसला! रेल्वे क्वार्टर्समध्ये दर वर्षी सत्यनारायण व्हायचा आणि प्रसादाचा शिरा तुझ्याकडे असायचा. त्या वर्षी लोक बोलवायला आले. काहीतरी कारण सांगून सुटला असतास. तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "माझ्या पोटात टायफॉइडचे जंतू आहेत. माझ्या हातचं खाऊ नका." वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिरा दुसऱ्या कुणी केला आणि खाली लागला. पण त्यानंतर क्वार्टर्समध्ये कुजबूज सुरू झाली. टायफॉइड कधी एवढा टिकतो का? क्षय असेल. त्याहून वाईट काही असेल. आई पाण्याला गेली की बायका तिला वाट मोकळी करून द्यायच्या. आई घरी येऊन तुझ्यावर आगपाखड करायची, "सगळ्या गावाला दवंडी पिटायची गरज होती का?" तू म्हणायचास, "लोकांनी काय समजायचं ते समजू दे. आजारी पडू नयेत म्हणजे झालं."

मीही तुझ्यावर चिडले होते. आपल्याच घरात, आपल्याच माणसाचं ताट असं बाजूला? मी एकदा तुझ्या ताटातला पापड मुद्दाम उचलून खाल्ला. तू ओरडलास ते केबिनपर्यंत ऐकू गेलं असेल.

माघात पल्लवी झाली. तू बघायला आलास, दाराशी कोपरापर्यंत हात धुतलेस, तिला मांडीवर घेतलंस आणि तासभर हललाच नाहीस. पल्लवीने तुझं बोट धरलं आणि तोंडाकडे न्यायला लागली, तसं तू ते झटकन सोडवून घेतलंस. तिने भोकाड पसरलं. तू कानकोंडा होऊन माझ्याकडे बघत राहिलास.

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात. पाचव्यात करायचं ठरलं, तुझा रिपोर्ट आला, जंतू आहेत. आई म्हणाली, काही बिघडत नाही, सातव्यात करू. सातव्यातही तेच. मध्येच पितृपक्ष आला. आईचं म्हणणं एकच, मामा असताना दुसऱ्या कुणी पहिला घास द्यायचा नाही, आणि पहिला घास झाल्याशिवाय पोरीला अन्न द्यायचं नाही. मला हे पटत होतं की नव्हतं, खरं सांगते दादा, तेव्हा मी तसा विचारच केला नाही. मला तूच हवा होतास. बाकी कुणी घास देतोय ही कल्पनाच मला सोसत नव्हती. यांनी एकदोनदा म्हणून पाहिलं, की थोडी पेज देऊन बघू, कुणाला कळतंय? देवीला कळतं, असं आईने सांगितल्यावर तेही गप्प बसले. सरकारी कचेरीत मोठमोठ्या माणसांना नियम ऐकवणारा हा माणूस आईपुढे मात्र मऊ पडायचा.

तुला यातलं काही माहीत नव्हतं. तुला वाटत होतं, पोरगी घरात गुपचूप भात खात असेल, देवीसमोरचं नुसतं नावापुरतं राहिलंय. दिवाळीत आई माझ्याकडे होती, तेव्हा तू आलास. हात धुऊन तिला उचललंस, आणि उचललंस तसा थांबलास. "कुंदे, ही एवढी हलकी कशी?"

मी म्हटलं, दूध पुरत नाही आता. डॉक्टरही ओरडत होते, खायला घाला म्हणून.

"मग घालत का नाही?"

मी तुझ्याकडे पाहिलं. आईने दुसरीकडे पाहिलं. तुझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. तू पल्लवीला माझ्याकडे दिलंस आणि खाली बसलास. मला वाटलं आता ओरडशील. तू अगदी हळू बोललास, आणि तुझा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"माझ्या पोटातल्या जंतूंनी हिला काही केलं नाही. आपण हिला उपाशी ठेवून केलं."

मग आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात रिपोर्ट चांगला येईल."

"नाही आला तर?"

तू चप्पल घातलीस, जेवलाही नाहीस, आणि निघून गेलास. मला वाटलं रागावून डहाणूला परत गेला. नंतर कळलं की तू उधव्याची गाडी पकडली होतीस.

नववा महिना संपायच्या आत तुझा निरोप आला. मंगळवारी विवळवेढ्याला या, खिरीचे तांदूळ मी आणतोय, दूध तुम्ही आणा. मी आनंदाने वेडी झाले. रिपोर्ट चांगला आला असणार! पल्लवीला नवं झबलं घातलं, काजळ घातलं, एसटीत रस्ताभर तिला सांगत होते, मामा घास भरवणार, मामा घास भरवणार. देवळापाशी उतरलो तर तू नारळाच्या दुकानापुढे उभा आणि तुझ्या शेजारी रावजी. धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी, हातात तांदळाची पिशवी. त्याच्या शेतातला त्या वर्षीचा नवा तांदूळ.

तू म्हणालास, "आजचा मामा हा."

आईचा चेहरा मी अजून विसरले नाही. "काय बोलतोस काय? रक्ताचा मामा पाहिजे."

"आई, रक्ताचं काय घेऊन बसलीस? मी याचा रिपोर्ट बघितलाय. याचं पोट स्वच्छ आहे."

हायवेवरून ट्रक जात होते, त्यात तुझा आवाज चढलेला. दुकानदार मान वर करून ऐकत होता, की ही माणसं देवीच्या दारात कुणाच्या पोटाची चौकशी करतायत. मला रडू आवरेना. मी म्हटलं, दादा, हे तू परस्पर कसं ठरवलंस? घास तुझा होता, पण तो काही तुझ्या एकट्याचा नव्हता, माझाही होता. तू म्हणालास, "घास हिचा आहे, कुंदे." आणि पल्लवीकडे बोट दाखवलंस.

रावजी सगळ्यात जास्त अवघडला होता. तुला बाजूला घेऊन म्हणाला, पण आम्हाला ऐकू आलं, "मास्तर, माझ्या हातचा चालल का तुमच्यात? माय काय बोलत होती? मी जातां."

"तुझ्या हातची पेज मी महिनाभर प्यायलोय, अजून उभा आहे. कुठे जातोस?"

त्यावर आईने पदर खोचला, टपरीवाल्याच्या स्टोव्हवर दूध ठेवलं आणि रावजीच्या हातातली पिशवी मागून घेतली. आईचा होकार नेहमी असाच असायचा, तोंडाने कधी यायचा नाही. खीर झाली. तू पल्लवीसाठी केलेली अंगठी काढलीस, सोनाराच्या गुलाबी कागदात होती तशीच, आणि कागदासकट रावजीपुढे धरलीस. स्वतः हात लावला नाहीस. वर ती उकळत्या पाण्यातून काढायला लावलीस. टपरीवाला म्हणाला, इतक्या वर्षांत चहाच्या पाण्यात सोनं उकळायला कुणी आलं नव्हतं.

मग रावजीने देवीपुढे मांडी घातली, पल्लवीला घेतलं आणि अंगठी खिरीत बुडवून तिच्या ओठांना लावली. तिने आधी तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर काढली. मग जे तोंड उघडलं ते मिटायलाच तयार नाही. सगळी वाटी संपली आणि रिकामी वाटी दिसल्यावर तिने असा आवाज काढला की पुजारीसुद्धा हसले. आई हसली, रावजी हसला, मी रडता रडता हसले. तुझ्याकडे बघायला वळले तर तू खांबाशी, हात पाठीमागे बांधून, तोंड हायवेकडे करून उभा. मी हाक मारली नाही. तुला तसं उभं राहू द्यावं असं वाटलं.

पल्लवी त्यानंतर भराभर अंगाने भरली. पुढच्या वर्षी मुंबईला तुझं पित्ताशय काढलं, आणि मग रिपोर्ट येत गेले, एक चांगला, दुसरा चांगला, तिसराही चांगला. तू वेगळं ताट बंद केलंस. सत्यनारायणाचा शिरा पुन्हा तुझ्याकडे आला. क्वार्टर्समधल्या बायकांनी तो दोनदा मागून खाल्ला आणि आईने हे मला सगळी नावं घेऊन सांगितलं. सुक्या बोंबलाची चटणी बरणीत भरून तू तलासरीला पाठवायला लागलास.

आणि आपलं भांडण सुरू झालं ते तिथून. मी म्हटलं, आता तुला काही नाही, आता माझ्या पोरीला एक घास भरव. तू म्हणालास, "तो मान रावजीला दिलाय. दिलेला मान परत घ्यायचा नसतो." मी म्हटलं, मान नको, घास दे. तू म्हणालास, ती काय आता कुक्कुलं बाळ आहे का? दर भाऊबीजेला मी ताट पुढे करायची आणि तू काहीतरी फाटे फोडायचास. मी डाव टाकायची, "रिपोर्ट वाईट असला की तुझा त्याच्यावर विश्वास, चांगला आला की नाही, हे कसं?" तू शांतपणे म्हणायचास, "चांगला रिपोर्ट म्हणजे त्या दिवशी सापडला नाही, एवढंच." मग मी चटणीची बरणी पुढे करायची. मग या बरणीत काय टाकतोस, माझ्या जिवावर उठलायस का? तू हसायचास आणि विषय क्रिकेटवर न्यायचास.

गेल्या भाऊबीजेला मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, लहानपणी मला भरवलंस ते तुला जड गेलं असेल म्हणून आता नको म्हणतोस. तू ओवाळणी घातलीस, पल्लवीच्या केसांवरून हात फिरवलास आणि उठलास. आपली ती शेवटची भाऊबीज. त्यानंतर भेटलो, बोललो, हसलोही, पण ते तसंच राहिलं. मला तेव्हा पक्कं वाटत होतं की तुझ्या मनातून तो जंतू गेलेला नाही. पोटातला डॉक्टरांनी काढला, मनातला कोण काढणार? तू या एवढ्याशा गोष्टीला भीत मेलास, या विचाराने तेरा दिवस मला घास गिळता आला नाही.

रावजी आला होता तेराव्याला. तुझ्या फोटोपुढे बसला. त्याने आणलेल्या तांदळाचाच भात त्या दिवशी घरात शिजला. मी त्याला म्हटलं, रावजीभाऊ, आता पल्लवीला मामा तुम्हीच. तो म्हणाला, "नाय बाय. मी त नुसता हात दिला. मामा त तोच." आणि त्याने पल्लवीला जवळ घेतलं. तुझ्या माघारी मला भाऊ उरला आहे, दादा, हेही तुझंच देणं. तेव्हा देवळात मी तुझ्यावर चिडले होते. आज त्यासाठी तुझे आभार मानते. तू समोर असतास तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

आज दुपारची गोष्ट सांगायची होती, म्हणून तर लिहायला बसले.

पल्लवी आल्यापासून नीट जेवलेली नाही. ताटात भात चिवडत बसते. सात वर्षांची पोर, तिला काय आणि कसं समजवायचं? आज म्हटलं, ये, मी भरवते. वरणभात कालवला, वर तुपाची धार सोडली आणि घास पुढे केला. तिने तोंड मागे घेतलं.

"एवढा मोठा नको. मामा करतो तेवढा कर."

मी विचारलं, मामा कुठे करतो?

"डहाणूला. सुट्टीत गेले की."

"तुला मामा भरवायचा?"

"रोज," ती म्हणाली. त्यात विशेष काय, असा तिचा चेहरा. "मामी वाढते, मामा भरवतो. मी मोठी झाले असं म्हटलं तरी भरवतो. मासा असला तर काटे काढून."

"कधीपासून?"

तिने खांदे उडवले. तिला आठवतंय तेव्हापासून.

दादा, माझ्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हटलं, अगं, मग मला इतक्या वर्षांत बोलली कशी नाहीस?

"मामाने सांगितलं होतं, आईला सांगायचं नाही. तिला कळलं तर ती रडेल."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना. पल्लवी माझ्याकडे बघत होती, घाबरलेली नव्हती, थोडी वैतागली होती.

"बघ," ती म्हणाली.

मी डोळे पुसले, घास लहान केला आणि तिच्या तोंडाशी धरला.